पंडिता रमाबाई : सुहृदांचा दुरावा आणि ईश्वराचा आश्रय

पंडिता रमाबाई यांचे चरित्र मराठी वाचक बहुधा पुणे आणि मुंबई या दोन शहरांच्या चौकटीत पाहतो. आर्य महिला समाजाची स्थापना, शारदा सदनावरून उठलेले वादळ आणि केडगावचे मुक्तिसदन हे त्या चरित्रातील सर्वपरिचित टप्पे होत. बंगळुरात बसून या चरित्राचा विचार करू लागले की त्याची दुसरी बाजू डोळ्यांसमोर येते. ज्या गंगामूळच्या अरण्यात रमाबाईंचा जन्म झाला, ज्या उडुपीत त्यांच्या वडिलांना स्त्रीशिक्षणाबद्दल विद्वत्सभेपुढे जाब द्यावा लागला आणि ज्या रायचुरात त्यांच्या आईने भुकेने प्राण सोडला, ती सर्व स्थळे आजच्या कर्नाटक राज्यात आहेत. रमाबाईंच्या धर्मजीवनाची घडण पुण्यात सुरू झाली नाही. दक्षिणेतील दुष्काळात ती सुरू झाली होती. हे ध्यानी घेतल्यावाचून पुढे पुण्यात जे घडले त्याचा नीट उलगडा होत नाही.

रमाबाईंच्या ईश्वरनिष्ठेचे एक सोपे स्पष्टीकरण वारंवार केले जाते. घर गेले, आप्त गेले, मित्रांनी पाठ फिरविली, म्हणून ही एकाकी स्त्री देवाकडे वळली, असे ते स्पष्टीकरण आहे. त्यात सहानुभूती असली तरी चरित्रातील घटनांचा क्रम त्याला अनुकूल नाही. तो क्रम येथे तपासून पाहावयाचा आहे.

१

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कार्कळजवळच्या माळ येथील चित्पावन ब्राह्मण कुटुंबातले. तरुणपणी ते पुण्यास विद्याभ्यासासाठी गेले. त्यांचे गुरू रामचंद्रशास्त्री साठे दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकवीत असत. स्त्रीला संस्कृत शिकता येते, हे अनंतशास्त्र्यांनी तेथे पाहिले आणि आपल्या घरी हाच प्रयोग करण्याचे ठरविले. पहिल्या पत्नीच्या बाबतीत ते साधले नाही. प्रौढ वयात त्यांनी लक्ष्मीबाईंशी दुसरा विवाह केला. लक्ष्मीबाई तेव्हा बालिकाच होत्या. त्यांना शास्त्रीबोवांनी स्वतः संस्कृत शिकविले. याचा जातभाईंना राग आला. उडुपी येथे पंडितांच्या सभेत त्यांना आपल्या वर्तनाचे शास्त्राधार द्यावे लागले. आधार त्यांनी दिले, पण दुरावा गेला नाही. अखेर तुंगा, भद्रा आणि नेत्रावती या नद्यांच्या उगमाशी असलेल्या गंगामूळ येथे अरण्यात आश्रम बांधून ते राहिले. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

स्वजनांनी दूर केलेल्या घरातच रमाबाई जन्मास आल्या, ही गोष्ट चरित्रकाराने प्रथम नोंदवावयास हवी. त्या सहा महिन्यांच्या असतानाच दानधर्मामुळे आणि अतिथिसत्कारामुळे घराची विपन्नावस्था झाली आणि कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. वेताच्या टोपलीत घालून या मुलीला डोंगराखाली उतरविण्यात आले. पुढील कित्येक वर्षे तीर्थाच्या ठिकाणी पुराण सांगावे, मिळेल त्यावर निर्वाह करावा आणि पुन्हा वाट धरावी, असा क्रम चालला. आईने पहाटेच्या वेळी मुलीला भागवत आणि व्याकरण शिकविले. शाळेचा उंबरठाही न पाहिलेल्या या मुलीच्या मुखी हजारो श्लोक झाले.

मग दुष्काळ आला. १८७० नंतरच्या त्या दशकात दक्षिण भारतावर ओढवलेल्या आपत्तीची कल्पना एका म्हैसूर संस्थानाच्या आकड्यांवरूनही येते. १८७१ च्या शिरगणतीत तेथील लोकसंख्या सुमारे ५० लाख होती, ती १८८१ मध्ये सुमारे ४२ लाखांवर आली. डोंगरे कुटुंबाजवळ जे काही उरले होते, ते देवांच्या पूजेत आणि ब्राह्मणांच्या दानात संपले. संकट टळावे म्हणून जपतप, उपासतापास, मूर्तींची आराधना हे सर्व झाले. अंगमेहनतीचे काम कोणी केले नव्हते आणि भीक मागणे कुलाभिमानास सोसत नव्हते. तिरुपतीच्या रानात झाडपाला खाऊन दिवस काढण्याची वेळ आली. वृद्ध आणि अंध झालेल्या अनंतशास्त्र्यांनी जलसमाधी घेण्याचा निश्चय केला. तेव्हा पुत्र श्रीनिवास पुढे झाला आणि आपण मोलमजुरी करून सर्वांना पोसतो, असे म्हणाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत वडील वारले. जाण्यापूर्वी त्यांनी धाकट्या मुलीला जवळ घेतले, तिला देवाच्या हाती सोपविले आणि आयुष्यभर त्याची सेवा करण्यास सांगितले. ही आठवण रमाबाईंनी उतारवयातही जपली. पुढे त्यांनी वडिलांचे शास्त्र सोडले. वडिलांचा हा शेवटचा शब्द मात्र सोडला नाही.

आई रायचुरात गेली. अन्नासाठी ती तळमळत होती. रमाबाई शेजारच्या एका ब्राह्मण स्त्रीच्या दारी गेल्या, पण याचनेचा शब्द तोंडातून निघेना. त्या स्त्रीने चेहऱ्यावरून ओळखले आणि बाजरीच्या भाकरीचा तुकडा दिला. आईला तोही खाता आला नाही. तिच्या मृत्यूनंतर प्रेत उचलण्यास कोणी येईना. ही परदेशी माणसे खरोखर ब्राह्मण आहेत की नाहीत, याचीच गावाला शंका होती. शेवटी दोन ब्राह्मणांना दया आली. तिसरा श्रीनिवास, चौथ्या रमाबाई. उंची कमी असल्यामुळे तिरडीचा भार त्यांना डोक्यावर घ्यावा लागला आणि असे सुमारे तीन मैल चालावे लागले. काही महिन्यांनी थोरली बहीणही पटकीने गेली.

दुष्काळाने माणूस देवाकडेच जातो असे नाही. १६३० च्या दुष्काळात तुकोबांची पत्नी आणि पुत्र गेले, व्यापार बुडाला आणि त्या राखेतून विठ्ठलभक्ती उभी राहिली, हे मराठी मनाला परिचित आहे. रमाबाईंच्या बाबतीत पहिला परिणाम उलट झाला. जे जे विधी सांगितले ते ते केले, तरी मूर्ती निरुत्तर राहिल्या, ही जाणीव त्यांच्या ठायी रुजली. प्रथम माणसांनी सोडले आणि मागाहून देवांनीही सोडले, असा तो अनुभव होता.

२

भाऊबहीण पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोचले. मार्ग हजारो मैलांचा होता. वाटेत थंडीपासून बचाव करण्यासाठी नदीकाठच्या वाळूत स्वतःला पुरून घेऊन त्यांनी रात्री काढल्या. कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंचे संस्कृतावरील प्रभुत्व पाहून त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पण हाच काळ श्रद्धा ढासळण्याचाही होता. स्त्रियांपुढे व्याख्याने देण्यासाठी धर्मशास्त्राचा अभ्यास करताना, स्त्री आणि शूद्र यांच्याविषयी त्यातील मते त्यांना खटकू लागली.

१८८० मध्ये श्रीनिवासही गेला. जगात उरलेले हे एकच माणूस होते. अखेरच्या दिवसांत त्याला बहिणीच्या भवितव्याची चिंता लागली होती. रमाबाईंनी त्याला धीर दिला की आपल्याला सांभाळणारा देव आहे. असे असेल तर आपल्याला भय नाही, असे समाधान मानून तो गेला. येथे एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. रमाबाईंचा तेव्हा कोणत्याही ठरावीक पंथावर विश्वास उरला नव्हता. देवाचे नाव निश्चित नव्हते आणि स्वरूपही निश्चित नव्हते. तरीही मरणाऱ्या भावाला द्यावयास त्यांच्याजवळ तेवढेच होते. ईश्वराचा आधार त्यांनी प्रथम दुसऱ्याला दिला, आणि देता देता तो आपल्यालाही मिळाला असे त्यांना मागाहून वाटले.

त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जातीबाहेरच्या आणि प्रांताबाहेरच्या या विवाहाने दोन्ही बाजूंचे आप्त दुरावले. १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने बिपिनबिहारी वारले. सिलचरच्या घरातील पुस्तकांत लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत रमाबाईंच्या हाती आली होती. ख्रिस्ती धर्माचा हा पहिला स्पर्श पती जिवंत असताना आणि संसार सुखाचा असतानाच झाला होता. तेव्हा वैधव्याच्या दुःखात त्यांनी तो शोधला, असे म्हणता येत नाही.

३

१८८२ मध्ये रमाबाई पुण्यास आल्या तेव्हा सुधारकांनी त्यांचे मनापासून स्वागत केले. न्यायमूर्ती रानडे आणि त्यांची पत्नी रमाबाई यांचे घर त्यांना आपले वाटले. आर्य महिला समाज निघाला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहून झाले आणि हंटर शिक्षण आयोगापुढे साक्षही झाली. इतकी वर्षे ज्यांना गाव नव्हते त्यांना प्रथमच एक समाज मिळाला. १८८३ मध्ये वैद्यकाच्या अभ्यासासाठी त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील भगिनीमंडळात राहिल्या. बरोबर आनंदीबाई भगत ही मैत्रीण होती. तिने तेथे आत्महत्या केली. परक्या देशातील एकमेव सोबतीण अशा रीतीने गेली. त्यानंतर २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात या वार्तेने मोठा क्षोभ झाला. कालपर्यंत ज्यांना त्यांच्या पांडित्याचा अभिमान वाटत होता त्यांनाच हा विश्वासघात वाटला. जोतीराव फुले यांनी मात्र सत्सार या आपल्या नियतकालिकात १८८५ मध्ये त्यांची बाजू घेतली. जुने मित्र दुरावले म्हणून नव्या धर्मबंधूंचा आधार तरी पूर्ण लाभला काय, असा प्रश्न साहजिक आहे. १९७७ मध्ये अ. भि. शहा यांनी संपादित केलेला पत्रसंग्रह प्रसिद्ध झाल्यावर त्याचे उत्तर स्पष्ट झाले. त्रैक्याचा सिद्धान्त, ख्रिस्ताचे देवत्व, चर्चची अधिकारसत्ता या विषयांवर रमाबाईंनी आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांच्याशी दीर्घ वाद घातला. पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्यास हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी स्वातंत्र्याचा आग्रह सोडला नाही. ज्यांनी त्यांना आश्रय दिला, त्यांनीच त्यांच्यावर अहंकाराचा ठपका ठेवला. एका समाजाला त्या फार ख्रिस्ती वाटल्या आणि दुसऱ्याला पुरेशा ख्रिस्ती वाटल्या नाहीत.

४

१८८६ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांच्या इंग्रजी पुस्तकाने तेथील लोकांचे लक्ष वेधले आणि बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. तिने दहा वर्षे आर्थिक साहाय्य करण्याचे पत्करले. संस्था धर्मप्रचाराची नसावी, ही अट होती. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. पुढे १८९३ मध्ये त्यांचा विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. सल्लागार मंडळात रानडे, भांडारकर यांच्यासारखी मंडळी होती. म्हणजे दुरावलेले मित्र पुन्हा जवळ आले होते. १८९० च्या अखेरीस सदन पुण्यास हलविण्यात आले.

याच सुमारास, १८९१ मध्ये, रमाबाईंच्या आंतरिक जीवनात मोठा पालट झाला. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. आपण ख्रिस्ती धर्म पत्करला, पण ख्रिस्त आपल्याला गवसला नाही, ही जाणीव त्यांना अस्वस्थ करू लागली. बुद्धीने मान्य केलेले मत आणि जिवाला लाभलेली शांती यांतील अंतर त्यांना उमगले. पुढे त्यांनी आपल्या धार्मिक आत्मनिवेदनात या अनुभवाला केंद्रस्थान दिले.

आता कालक्रम पाहावा. हा अनुभव १८९१ चा आहे. मित्रांनी साथ सोडली ती १८९३ मध्ये. रमाबाई आपल्या खोलीचे दार उघडे ठेवून मुलीसह प्रार्थना करीत. सदनातील काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसत. रमाबाईंनी त्यांना हाकलून दिले नाही आणि दारही लावले नाही. केसरीने टीकेची झोड उठविली. ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागारपदाचे राजीनामे दिले. पालकांनी सुमारे पंचवीस मुली काढून नेल्या.

या प्रसंगी रानडे आणि भांडारकर यांना कृतघ्न किंवा भित्रे ठरविणे न्यायाचे होणार नाही. आपल्या शब्दावर विसंबून लोकांनी विधवा मुली सदनात पाठविल्या, ही त्यांची जबाबदारी होती. निधर्मी संस्था म्हणून जिची हमी दिली, तिच्यात मुली प्रार्थनेस बसतात, ही गोष्ट त्यांना दृष्टिआड करता येत नव्हती. उलट, आपल्याच घरात आपल्या देवाची प्रार्थना चोरून करावी, हे रमाबाईंना मान्य होण्याजोगे नव्हते. मित्र साथ सोडतात ते नेहमीच स्वार्थाने सोडतात असे नाही. कित्येकदा दोन्ही पक्ष आपापल्या जागी प्रामाणिक असतात, आणि म्हणूनच तो दुरावा भरून येत नाही.

तेव्हा मित्र गेले म्हणून ईश्वर जवळ आला, ही मांडणी येथे टिकत नाही. ईश्वर जवळ आला म्हणूनच मित्र गेले, असे म्हणणे वस्तुस्थितीस अधिक धरून आहे. रमाबाईंना लाभलेला आश्रय ही नुकसानभरपाई नव्हती. तो आश्रय महाग पडला आणि त्याची किंमत त्यांनी जाणूनबुजून दिली.

५

हा आश्रय खरा होता की आत्मवंचना होती, हे ठरविण्यास चरित्रकाराजवळ एकच साधन असते. त्या माणसाने पुढे काय केले, ते पाहावयाचे. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याची बातमी आली. रमाबाई स्वतः तेथे गेल्या. उपासमारीने हाडांचे सापळे झालेल्या मुली आणि विधवा त्यांनी गोळा केल्या. अशा सुमारे तीनशे जणी त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून केडगाव येथे घेतलेल्या शेतजमिनीवर झोपड्या आणि तंबू उभारले. तेथेच मुक्तिसदन वाढले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन झाले आणि अंध मुलींच्या शिक्षणाचीही सोय झाली. शेती, विणकाम, तेलघाणा, दुग्धालय, छापखाना ही कामे स्त्रिया शिकल्या.

या कामाची मुळे रायचुरात आहेत, हे सांगण्यास फार शोध नको. दुष्काळात अन्न कोणी देत नाही, प्रेत कोणी उचलत नाही, अनोळखी माणसाची जात प्रथम विचारली जाते, हे ज्या मुलीने पाहिले, तिनेच मोठेपणी जात न विचारता हजारो मुलींना घरात घेतले. कष्टाचे काम न आल्यामुळे आपले घर बुडाले, हे ध्यानात ठेवून तिने प्रत्येकीच्या हाताला काम शिकविले. तिला लाभलेले समाधान तिला जगापासून दूर घेऊन गेले नाही. आपल्याला जो सोबती मिळाला नाही, तो सोबती ती दुसऱ्यांची झाली.

या चित्रास दुसरी बाजूही आहे, ती झाकणे योग्य नव्हे. शारदा सदनाच्या प्रारंभीची तटस्थता केडगावात राहिली नाही. १८९८ मध्ये बॉस्टनच्या साहाय्याची मुदत संपल्यावर संस्था उघडपणे ख्रिस्ती झाली. १९०५ मध्ये तेथे मोठे धर्मजागरण झाले आणि त्याची वार्ता जगभर पसरली. निराधार मुलींना अन्नाबरोबर धर्मही मिळाला, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि अभ्यासकांना तो आजही टाळता येणार नाही. पण मुक्तिसदनाबाहेर त्या मुलींना कोणता दरवाजा उघडा होता, हा प्रश्नही त्याच वेळी विचारावा लागतो.

६

आयुष्याच्या अखेरच्या सुमारे अठरा वर्षांत रमाबाईंनी संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृतात प्रवाही रचना करणाऱ्या या पंडितेने भाषांतरासाठी जाणीवपूर्वक साधी, अल्पशिक्षित स्त्रीला कळेल अशी मराठी निवडली. केडगावच्या छापखान्यात मुलींनीच खिळे जुळविले.

या कामात ईयोबाचे पुस्तक ओघानेच त्यांच्या हातून गेले. संपत्ती, संतती आणि आरोग्य गमावलेल्या त्या पुरुषाकडे मित्र येतात. ते सात दिवस मुकाट्याने जवळ बसतात आणि बोलू लागताच त्याला त्याचे पाप शोधून देऊ लागतात. त्या कथेत मित्रांची चूक त्यांच्या येण्यात नाही. दुःखाचे कारण आपल्याला ठाऊक आहे, या खात्रीत ती आहे. रमाबाईंच्या दुःखाचीही कारणे सांगणारे पुष्कळ भेटले होते. दुष्काळात पूर्वजन्मीचे पाप सांगण्यात आले, वैधव्यात जातिभ्रष्टतेचे फळ दाखविण्यात आले आणि वाँटेजला अहंकार दाखविण्यात आला. आपण घेतलेल्या मुलींना मात्र त्यांनी प्रथम जेवण दिले.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. रमाबाईंचे काम पुढे त्यांनीच चालवावयाचे होते. गुलबर्गा येथे त्यांनी मुलींची शाळाही काढली होती. म्हणजे आजोबांच्या आश्रमापासून निघालेला हा प्रवास पुन्हा कन्नड प्रदेशाला येऊन मिळाला होता. आई, वडील, बहीण, भाऊ, पती यांच्यामागून आता एकुलती एक कन्याही गेली. रमाबाईंचे शरीर थकले होते आणि कानांनी ऐकू येत नव्हते. भाषांतराची मुद्रिते तपासावयाची राहिली होती. ती तपासण्याचे काम त्यांनी पुरे केले. ५ एप्रिल १९२२ रोजी झोपेतच त्यांचे निधन झाले. भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

रायचुरात आईच्या तिरडीला चौथा खांदा मिळाला नव्हता आणि तो भार एका मुलीने डोक्यावर घेतला होता. केडगावात त्याच मुलीच्या अंत्ययात्रेच्या वेळी तिला आई म्हणणाऱ्या शेकडो जणी मागे होत्या.